हमिदाची फटफटी

पूर्णगडात फारुकची फटफटी वर्षातून जेमतेम दोन महिने धावायची. बाकीचे दिवस ती पडवीत ताडपत्रीखाली उभी. फारुक शारजाला टगबोटीवर फिटर. सुट्टीवर आला की आधी गाडी पुसायचा, मग पाहुण्यांना भेटायचा. त्याची बायको हमिदा त्या गाडीकडे बघतही नाही, असं सगळे समजत. पण हमिदा माहेरची केळशीची. वडिलांनी तिला शाळेत असतानाच आमराईतल्या मोकळ्या पट्ट्यावर मोटारसायकल शिकवली होती आणि ती मागे भावाला बसवून थेट वाळूपर्यंत जायची. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी हुदा कॉलेजला रत्नागिरीत राहायला गेली. हँडल धरायची वेळ काही आली नाही.

ती वेळ शेजारच्या कमळाच्या गुडघ्याने आणली. कमळा खारव्यांची. नवऱ्याच्या होडीची मासळी वर कातळमाळावर, सड्यावरच्या गावांत विकायची. त्या वर्षी पावसाळा सरून होड्या समुद्रात गेल्या, पण एसटीच्या थांब्यापासून टोपली घेऊन वाडीवाडीत चालणं तिला झेपेना. एका सकाळी ती भरली टोपली पुढ्यात ठेवून हमिदाच्या पायरीवरच बसली.

"ऊठ, मी नेते तुला," हमिदा म्हणाली.

"कशातून गो?"

हमिदाने ताडपत्री ओढली.

"अगो बाय! चालवता येतं काय तुला?"

"येतं. आधी तेल बघते."

इंजिनाच्या तेलाची टाकी वेगळी होती; तिच्यातली मोजपट्टी काढली तर टोकालाही तेल लागेना. एवढं कुठं गेलं, असं मनात आलं. पण फारुकने कोनाड्यात ठेवलेला डबा होता, तो तिने पुरा ओतला. किक मात्र कोणी खालून धरून ठेवल्यासारखी जड. चौथ्या-पाचव्या लाथेला गाडी सुरू झाली आणि सायलेन्सरमधून असा निळा धूर निघाला की समोरची विहीर दिसेना. पाठोपाठ इंजिनाच्या नळीतून तेलाची पिचकारी उडाली ती कमळाच्या लुगड्यावर.

धूर बघून वाडी जमली. गिरणीवाला भावेश म्हणाला, "भाभी, इंजिन गेलं. रत्नागिरीला टेम्पोत घालून न्यायला हवी."

"गेलं असतं तर सुरू कशाला झालं असतं?" हमिदाने गाडी बंद केली आणि शारजाला व्हिडिओ कॉल लावला.

फारुकने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "तेल ओतलंस? अगं, तेल कमी झालंच नव्हतं. खाली उतरलं होतं."

"कुठं खाली?"

"इंजिनाच्या पोटात. जुनं इंजिन, तेलाचा पंप झिजलेला. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की टाकीतलं तेल पंपातून झिरपून क्रँक फिरतो त्या खोलीत जातं. पट्टी टाकीतलं दाखवते, पोटातलं नाही. तू वरून आणखी ओतलंस, मग ते बाहेरच येणार. झाकून ठेव. मी आलो की बघतो."

"तुम्ही येईपर्यंत मासळी थांबते होय? काय करायचं ते सांगा."

फारुक जरा घुटमळला. मग त्याने इंजिनाच्या तळाचा नट कसा ओळखायचा ते सांगितलं. कमळाने आपला मासे धुवायचा टब खाली सरकवला. नट सुटला आणि काळं तेल जाड धारेने पडत राहिलं. कमळा बघतच राहिली. "मेलं ह्या एवढंसं दिसतं, नि पोटात केवढं!"

धार थांबल्यावर हमिदाने नट घट्ट केला आणि टाकीतलं तेल खुणेवर आणलं. या वेळी किक सहज गेली. थोडा वेळ उरलासुरला धूर आला, मग विरला. फारुकच्या सांगण्यावरून तिने तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं. इंजिनातून परत येणारं तेल आत बारीक उड्या मारत होतं, म्हणजे तेल नीट फिरत होतं.

"दिसतंय?" फारुकने विचारलं.

"दिसतंय. आता ठेवते, उशीर झालाय."

टोपली बांधली, कमळा मागे बसली. पहिल्या चढाला कमळाने हमिदाच्या खांद्यात बोटं रुतवली आणि देवाचं नाव घेतलं. सड्यावर वारा लागल्यावर मात्र तिने हात सोडले, पदर खोचला आणि पहिल्या वाडीच्या तोंडावरच आरोळी दिली, "बांगडा घ्या, बांगडा!" दुपारच्या आत टोपली रिकामी झाली.

मोहल्ल्यात बोलणं झालंच. फारुकचे चुलते घरी आले. "सूनबाई, बरं दिसतं का हे?"

"चाचा, परवा तुम्हाला डॉक्टरकडे जायचंय ना? रिक्षा शोधू नका, मी सोडते." तिसऱ्या दिवशी चाचा मागे बसून गेलेही.

माघ उलटला तेव्हा फारुक अचानक घरी आला. बोटीवर शिडीवरून घसरून त्याचा उजवा पाय मोडला होता. प्लास्टर निघालं तरी गुडघा वाकेना. कंपनीने नवीन करार दिला नाही. दिवस दिवस तो ओट्यावर भिंतीकडे बघत बसायचा. एकदा हमिदा घरात असताना त्याने किकवर पाय ठेवून पाहिला आणि कळ येऊन तिथंच बसला. हमिदा बाहेर आली. तिने त्याला उठवलं नाही, शेजारी बसली.

"पंप झिजलाय म्हणालात ना? मला तो उघडता येत नाही. तेवढं तुम्हीच करा."

दुसऱ्या दिवशी तिने रत्नागिरीहून पंपाचे सुटे भाग आणले. फारुकने पाय लांब करून, गाडीजवळ स्टूल मांडून पंप खोलला, घासला, बसवला. हाताला काळं लागलं तसा तो बोलू लागला. आधी स्वतःशी, मग कमळाशी, मग रस्त्याने जाणाऱ्या कुणाशीही. गाडी आठवडाभर उभी ठेवून त्याने पट्टी काढली. तेल खुणेवरच होतं.

त्या महिन्यात भावेशने गिरणीच्या इंजिनाचा पंप त्याच्याकडे आणला, मग एकाने होडीचं इंजिन दाखवायला बोलावलं. होडी बंदराच्या पलीकडच्या टोकाला होती. हमिदाने गाडी सुरू केली आणि मागची सीट हाताने पुसली.

फारुक उजवा पाय बाजूला लांब सोडून, पाना मांडीवर घेऊन मागे बसला. लग्नानंतर पहिल्यांदाच तो तिच्या मागे बसत होता. "सावकाश घे हं," तो म्हणाला.

"धरून बसा," हमिदा म्हणाली आणि तिने क्लच सोडला.