भाकरीचे समान भाग

शाळेच्या नळावर तिसरीची पोरं रांगेत उभी होती. एकेकाला पुढे ओढून त्याची आई, नाहीतर बाप, गुळण्या करायला लावत होते. "थुंक. अजून एक. घशापर्यंत घे." पोरं हसत होती. त्यांना तो खेळ वाटत होता.

फाटकात माझी माय उभी होती. हातात फडक्यात बांधलेल्या गरम भाकरी.

मी त्या वर्गाची शिक्षिका. गाव केदारखेड्याच्या बाजूचं. नाव लिहीत नाही. एका गावाचं नाव लिहिलं की बाकीची गावं सुटतात. आम्ही बौद्ध. गावाच्या तोंडी आमचं जुनंच नाव आहे.

आदल्या दिवशी मी अपूर्णांक शिकवायला घेतले होते. मागच्या वर्षी कागदाचे गोल कापून शिकवले. पोरांनी ते रंगवले, वहीत चिकटवले आणि विसरली. कागदासाठी कोणी भांडत नाही. भाकरीसाठी भांडतं. म्हणून मायला पहाटे ज्वारीच्या भाकरी करायला सांगितल्या. दोघांत एक भाकर दिली. पोरांनी ती तोडली आणि लगेच एकजण म्हणाला, "मॅडम, ह्यानं मोठा अर्धा घेतला."

हेच ऐकायला मी भाकर आणली होती. मी म्हणाले, अर्धा मोठा नसतो. एक तुकडा दुसऱ्यावर ठेवून बघा. बाहेर आला तर तो अर्धा नाही, ती लबाडी आहे. पोरांनी तुकड्यावर तुकडा ठेवला. कडा मोडून सारख्या केल्या. मग तुकडे खाल्ले. फळ्यावर मी एक छेद दोन लिहिलं. खाली भाग किती केले, वर आपल्याला किती आले. कोणाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाव शिकवायचा होता. आम्ही दोघी भोकरदनला भाड्याच्या खोलीत राहायचो. मी सकाळी पुढे आले. ताज्या भाकरी घेऊन माय मागच्या जीपने येणार होती. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचला. शाळेत ती कधी गेली नव्हती. त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसून आली.

पण रात्रीतून पोरांनी घरी सांगितलं होतं, मॅडमच्या मायची भाकर खाल्ली.

शाळा समितीच्या अध्यक्षांना सगळे आबा म्हणतात. त्यांची नात माझ्याच वर्गात. तिला त्यांनी स्वतः नळावर धरलं होतं. मग धोतराला हात पुसत माझ्याकडे आले. आबा आवाज चढवत नाहीत.

"मॅडम, तुमच्यावर राग न्हाई आमचा. तुम्ही शिकवून राह्यल्या ते बिलकुल बराबर हाय. पण लेकरांना खाऊ घालायचा खर्चा तुम्ही करू नका. घरोघर हाय खायला."

मुख्याध्यापक बाजूलाच होते. ते म्हणाले, "कागदाची करा ना भाकर, मॅडम. कागदाला कोणाचा हात लागला ते कळत नाही."

मायने दोघांचंही ऐकलं. ती आल्या वाटेने परत गेली. मी पोरांना वर्गात घेतलं.

संध्याकाळी खोलीवर गेले तर ती भिंतीला टेकून बसली होती. फडक्याची गाठ तशीच.

"भाकर जाडी झाल्ती का गं बाई?"

तिला सगळं कळलं होतं. मला सांगावं लागू नये म्हणून ती हे विचारत होती.

"न्हाई माय. चांगली होती."

"मंग झालं तर."

त्या थंडीत तिच्या छातीत कफ धरला आणि ती गेली. गुळण्यांमुळे ती मेली असं मी म्हणणार नाही. मला खोटं लिहायचं नाही. पण त्या दिवसानंतर तिने कोणाला आपल्या हाताने वाढलं नाही. शेजारीण जेवायला बसली तरी टोपलं पुढे सरकवून म्हणायची, "तू घे तुझ्या हातानं." जी बाई उभ्या जन्मात माणसाला उपाशी जाऊ द्यायची नाही, तिचा वाढायचा हात त्यांनी काढून घेतला. हे मात्र त्यांनीच केलं.

मुख्याध्यापक भेटायला आले. मग म्हणाले, "झालं ते वाईटच झालं. पण ज्यांच्यावरून झालं त्याच आता राहिल्या नाहीत. विषय संपला समजा." आणि उठता उठता म्हणाले, "पुढच्या महिन्यात आसपासच्या शाळांचे शिक्षक आपल्याकडे येणार आहेत. केंद्रप्रमुख साहेबही आहेत. अपूर्णांकाचा नमुना पाठ तुम्हीच घ्या. कागदाचे गोल मी आणून ठेवतो."

तोपर्यंत मला फक्त दुःख होतं. राग त्या दारात आला. मी पुस्तकात डोकं घालून बसणारी बाई. भांडण मला येत नाही. शिकवणं येतं.

नमुना पाठाच्या दिवशी पहाटे उठून मी स्वतः भाकर थापली. एकच. पुढच्या खुर्च्यांवर केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक आणि आबा. मागे पाहुणे शिक्षक. कागदाचे गोल टेबलावर. त्यांना मी हात लावला नाही.

"भाकर एक. हे तिघं आणि मी, माणसं चार. प्रत्येकाला किती?"

"पाव," वर्ग म्हणाला.

पोरांनी चार भाग केले, एकमेकांवर ठेवून तपासले. वाटायला मात्र मी पोरांना लावलं नाही. मी उठले आणि माझ्या हाताने वाढलं.

केंद्रप्रमुखांनी खाल्लं. मुख्याध्यापकांनी आधी आबांकडे पाहिलं, मग साहेबांकडे, आणि गिळलं. मी माझा पाव खाल्ला. आबांचा तुकडा तळहातावर तसाच.

"आबा, तुमचा पाव राह्यला," नात म्हणाली. पाहुणे कौतुकाने हसले.

त्यांना तो खाता येत नव्हता. नातीला देता येत नव्हता. इतक्या लोकांत खाली टाकताही येत नव्हता. मी पाठ चालू ठेवला.

"किती भाकर संपली?"

"पाऊण."

"किती उरली?"

"पाव."

"कुठं आहे?"

सगळ्या वर्गाने आबांच्या हाताकडे बोट केलं.

मी पोरांना मैदानावर पाठवलं. मग पाहुण्यांना सांगितलं, हा पाव का उरला. नळ सांगितला, गुळण्या सांगितल्या, फाटकात उभी असलेली माझी माय सांगितली. कोणी हसलं नाही. आबा मुठीत तुकडा धरून उठले आणि निघून गेले.

शाळा सुटल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, म्हाताऱ्या माणसाला तुम्ही त्याच्या नातीसमोर उघडं पाडलं."

"हो सर. माझ्या म्हातारीला तुम्ही तिच्या लेकीसमोर पाडलं होतं."

"आता एक तर माफी मागा, नाहीतर बदली मागा."

मी दोन्ही मागितलं नाही. पोलिसांत तक्रार दिली. आबांचं नाव दिलं, मुख्याध्यापकांचंही दिलं. कागदाची भाकर करा म्हणणारा हात धुऊन बाजूला होणार नाही. आबांचा पुतण्या येऊन गेला. म्हणाला, समजुतीनं मिटवू, काका थकले आहेत, जालन्याच्या कोर्टात चकरा मारणं त्यांना झेपणार न्हाई.

न झेपू दे. माय जिवंत असती तर कदाचित तिने मला सोड म्हटलं असतं. ती नाही. आता मला थांबवणारं कोणी उरलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलेलं नाही. प्रत्येक तारखेला मी जाईन. त्यांचं नाव पुकारलं जाईल, ते काठी टेकत उभे राहतील, आणि ते खाली बसेपर्यंत मी त्यांच्यावरची नजर काढणार नाही.