लादी वाळेपर्यंत

सुगंधामावशी माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी पायांकडे. परळच्या त्या हॉस्पिटलात मी साफसफाईच्या कामाला लागले, त्या सकाळी त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ही चप्पल घरी बरी. इथे नको." आदल्या संध्याकाळी लालबागला जाऊन मुद्दाम घेतलेली नवी चप्पल होती ती. त्यांनी ती माझ्याकडून मागून घेतली, उलटी केली आणि गुळगुळीत तळावरून अंगठा फिरवून दाखवला. मग स्वतःच्या कपाटातून रबरी तळाचे जुने बूट काढून दिले. मला ते मोठे होत होते. पुढे कापूस कोंबून घातले. माझं नाव त्यांनी विचारलं ते त्यानंतर.

मी तेव्हा चाळिशीला आले होते. नवऱ्याचा छापखाना बंद पडला होता आणि घरात कुणीतरी बाहेर पडायलाच हवं होतं. आम्ही मूळचे मालवणकडचे. सासरे गिरणीत होते, पण लादी पुसायच्या नोकरीला आमच्यातलं आधी कुणी गेलं नव्हतं. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून हॉस्पिटलात कामाक आसा," आणि पुढचं बोलायच्या नाहीत.

मावशींच्या घरची तक्रार वेगळी होती. त्या डिलाईल रोडच्या चाळीत जन्मल्या, तिथेच संसार केला. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, नवरा लवकर गेला, एकुलती मुलगी वैशाली शिकून शाळेत शिक्षिका झाली. तिला आईची ही नोकरी आवडायची नाही. आपल्या माणसांनी केवढ्या झगड्याने हातातला झाडू सोडला आणि तू तो परत कशाला धरलास, असं ती विचारायची. एकदा डबा खाताना मावशींनीच हे मला सांगितलं. मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात? भाकरीचा तुकडा मोडत त्या म्हणाल्या, "म्हटलं, तो झाडू जन्मल्याबरोबर हातात द्यायचे, विचारायचे नाहीत. हा मी अर्ज करून घेतलाय. ज्या दिवशी ठेवावासा वाटेल त्या दिवशी ठेवीन."

लादी पुसणं मला येतं, असं मी समजत होते. कुठल्या बाईला येत नाही? पहिल्याच आठवड्यात कळलं की घरी मी पुसत होते ती माझ्या घरच्यांसाठी, ज्यांना आमच्या लादीचा कोपरान्‌कोपरा ठाऊक होता. इथे येणारा प्रत्येकजण नवखा. कुणाला पोटात टाके, कुणाच्या हाताला सलाईन, कुणी नुसताच घाबरलेला. मावशी वॉर्डात केरसुणी आणू द्यायच्या नाहीत. धूळ उडून आजाऱ्याच्या अंगावर बसते, म्हणून आधी सुक्या मॉपने केर सरकवत गोळा करायचा, मग ओला मॉप. बादली अर्धीच भरायची आणि उचलताना गुडघ्यात वाकायचं. मॉप घट्ट पिळायचा. पॅसेजची एक बाजू पुसायची, दुसरी चालणाऱ्यांसाठी कोरडी ठेवायची, आणि पहिली वाळल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. फुटलेल्या काचेला, हातमोजा घातलेला असला तरी, बोट लावायचं नाही. हे सगळं त्या बोलून कमी आणि माझ्या शेजारी उभ्या राहून जास्त शिकवायच्या.

एकदा मी पॅसेज पुसून पिवळा बोर्ड लावला आणि बादली घेऊन निघाले. त्यांनी मला थांबवलं. बोर्ड लावलाय की, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "रडत येणारं माणूस बोर्ड वाचत नाही." थोड्याच वेळात आयसीयूचं दार उघडून एक बाई बाहेर आली, पदर तोंडाला लावलेला, पाऊल कुठे पडतंय याचं भान नाही. मावशी पुढे झाल्या, तिचं कोपर धरलं आणि तिला पॅसेजच्या कोरड्या बाजूने बाकापर्यंत नेऊन बसवलं. पाण्याचा पेला आणून दिला. मग परत येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. लादी वाळेपर्यंत आम्ही दोघी तिथेच होतो.

मावशींचं मला सगळ्यात जास्त आठवतं ते पाटणकर आजोबांच्या वेळचं. शिवाजी पार्कला राहायचे, निवृत्त गृहस्थ. रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारणारा माणूस, पण स्वतःच्याच न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं होतं. डॉक्टर म्हणत होते चाला, व्यायाम करून घेणारी हॉस्पिटलची मुलगी वॉकर घेऊन रोज यायची, आणि आजोबा खोलीच्या उंबऱ्यापर्यंत येऊन थांबायचे. बाहेरच्या चकचकीत लादीकडे बघायचे आणि विचारायचे, ओली आहे का? नाही म्हटलं तरी ते वॉकर वळवून मागे फिरायचे. मुलगा चिडायचा, सून समजवायची. आजोबा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

मावशी हे दोन-तीन दिवस बघत होत्या. मग त्यांनी आपल्या कामाचा क्रमच फिरवला. आजोबांच्या खोलीपुढचा पॅसेज सगळ्यात आधी पुसायचो, तो सगळ्यात शेवटी ठेवला. सकाळी वॉकर आला तेव्हा त्या दारापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि बूट काढले. कामावर असताना अनवाणी राहायचं नाही हा नियम त्या आम्हाला रोज ऐकवायच्या, त्यामुळे मी बघतच राहिले. अनवाणी पावलांनी त्या टोकाच्या खिडकीपर्यंत चालत गेल्या आणि तशाच परत आल्या. तळपाय वर करून आजोबांना दाखवला. कोरडा होता.

"आजोबा, ही लादी मी सांभाळते," त्या म्हणाल्या. "तुम्ही खिडकीपर्यंत जाऊन येईपर्यंत इथे पाण्याचा थेंब पडणार नाही. दुपार झाली तरी चालेल."

आजोबा बराच वेळ त्यांच्या पायांकडे बघत होते. मग वॉकर उंबऱ्याबाहेर ठेवला. मावशी त्यांच्या पुढे, त्यांच्याकडे तोंड करून, उलट्या पावलांनी हळूहळू मागे सरकत गेल्या. लादी पुसताना असंच मागे सरकायची सवय, त्यामुळे त्यांना ते सोपं होतं. खिडकीशी पोचल्यावर आजोबांनी बाहेर बघितलं. समोर एका बांधकामाचे परांचे आणि पत्रे होते, बघण्यासारखं काही नव्हतं. तरी ते खूप वेळ बघत राहिले. सून दारात उभी राहून डोळे पुसत होती. मावशींनी बूट घातले आणि मला म्हणाल्या, चल, आता पाणी घे.

त्यानंतर काही वर्षं गेली. मी त्यांच्या हाताखाली तयार झाले. हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं की मावशींच्या हातून भिंतीलगतचे पट्टे सुटतात. मधला भाग आरशासारखा आणि कडेला मॉपचं पाणी तसंच साठलेलं. दारातून जाताना त्यांचा खांदा चौकटीला लागायचा. मी त्यांच्या नकळत मागून सुका मॉप फिरवायला लागले. एकदा त्यांनी अचानक मागे वळून मला पकडलं. रागावल्या नाहीत. नुसतं विचारलं, "किती दिवस चाललंय?" आणि माझं उत्तर न ऐकताच पुढे गेल्या. त्या आठवड्यात वैशाली त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. काचबिंदू निघाला. बाजूची नजर गेली होती, ती परत येणार नव्हती. असलेली टिकावी म्हणून थेंब सुरू झाले.

हे मला माहीत होतं, कामावर आणखी कुणाला नाही. निवृत्तीला फार अवकाश नव्हता. मला वाटत होतं, मी आहे ना मागून, निघून जाईल एवढा काळ.

एका दुपारी मी वरच्या मजल्यावर होते, मावशी खाली एकट्याच पॅसेज पुसत होत्या. एक तरुण सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन घाईने निघाली आणि भिंतीजवळ तिचा पाय सरकला. तिने कठडा धरला म्हणून वाचली. ट्रे खाली आला, बाटल्या फुटल्या. आवाज ऐकून मी धावत खाली आले तेव्हा तीच मावशींना समजावत होती, माझीच चूक मावशी, मीच पळत होते. मावशी गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि भिंतीकडेच्या लादीवर तळहात टेकून चाचपत होत्या. बोर्ड पॅसेजच्या मधोमध होता. मग तळहात नाकाशी नेऊन त्यांनी फिनेलचा वास घेतला. पाणी त्यांच्याच मॉपचं होतं.

त्या तशाच उठून सुपरवायझरकडे गेल्या. मी मागोमाग. नितीन आमच्यापेक्षा वयाने खूप लहान, मावशींना मानणारा. तो म्हणाला, काही झालेलं नाही, कुणाला लागलेलं नाही, कशाला वाढवायचं? थोडे महिने राहिलेत तुमचे. मावशी टेबलाला धरून उभ्या होत्या.

"नितीन, मला पाणी दिसत नाही," त्या म्हणाल्या. "ज्याला पाणी दिसत नाही त्याने लादी पुसू नये. आज ती पोरगी वाचली. मी उद्यापासून मॉप धरणार नाही."

नितीनने त्यांची बदली कपड्यांच्या खोलीत केली. धुऊन आलेल्या चादरींच्या घड्या घालायचं बैठं काम. त्या संध्याकाळी मावशींनी आपला मॉप धुतला, पिळला, खिळ्याला उलटा टांगला. हातमोजे काढून त्यावर ठेवले. मला रडू आलं. त्या मात्र रडल्या नाहीत. वैशालीला सांगायला हवं, एवढंच म्हणाल्या. काय सांगणार, मी विचारलं. "की ठेवला," त्या म्हणाल्या.

चादरींच्या घड्या त्यांनी निवृत्तीपर्यंत घातल्या. त्यांच्या जागी पॅसेजचं काम माझ्याकडे आलं.

मागच्या वर्षी त्यांची चाळ पुनर्विकासाला गेली. खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. मावशी वैशालीकडे कल्याणला जाणार होत्या. मी सुट्टी घेऊन मदतीला गेले. तोवर त्यांना समोरचंही धूसर दिसायला लागलं होतं. बोचकी बांधून झाली, भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर वैशालीने साडीत गुंडाळून स्वतःच्या पिशवीत ठेवली. खाली टेम्पो उभा होता. हमाल कपाट न्यायला वर येणार, तेवढ्यात सामान हलवताना माठ कलंडला आणि खोलीभर पाणी झालं.

वैशाली म्हणाली, राहू दे आई, पुढच्या आठवड्यात मशीन लावून हे सगळं पाडणारच आहेत. मावशी फडकं शोधत होत्या. "पाडतील तेव्हा पाडतील," त्या म्हणाल्या. "आता माणसं डोक्यावर कपाट घेऊन चालणारेत."

हमालांना त्यांनी गॅलरीत थांबायला सांगितलं. मग खाली बसून पुसायला लागल्या. त्यांच्या हातात फडकं, माझ्या हातात दुसरं. वैशाली थोडा वेळ दारात उभी राहिली, मग तिनेही ओढणी कमरेला खोचली आणि आमच्या शेजारी बसली. आतल्या भिंतीपासून दारापर्यंत आम्ही तिघी मागे सरकत आलो आणि उंबऱ्यावर थांबलो. पंखा आधीच काढला होता, त्यामुळे वाळायला वेळ लागला. हमाल विडी ओढत बसले. कुणीच घाई केली नाही.

थोड्या वेळाने मावशींनी मला विचारलं, "वाळली?"

मी आत जाऊन भिंतीकडेने तळहात फिरवला, कपाटाच्या पायांशी फिरवला. परत येऊन म्हटलं, वाळली.

त्यांनी स्वतः हात लावून बघितलं नाही. गॅलरीकडे तोंड करून त्यांनी हमालांना हाक मारली, "या रे बाबांनो, या आता."