सरकारजमा उंची

काका कुठेही बसले तरी ताठ बसत, पाठ खुर्चीला घट्ट टेकवून. रिक्षातही तसेच. शेजारचा पोक काढून बसला की त्याला दटावत, "सरळ बस रे. कधी उडायला लागेल सांगता येत नाही."

शेलार गावात आमच्या शेजारी राहणारे हे काका हवाई दलातले निवृत्त वैमानिक. पक्षी आदळून विमान पेटलं तेव्हा त्यांनी खुर्चीखालचं काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचं हँडल ओढलं, खुर्चीसकट बाहेर फेकले गेले आणि पॅराशूटने उतरले. त्या झटक्यात मणके दबले नि उंची थोडी घटली. काकी चिडवायच्या, तर म्हणायचे, "लग्नात पुरेसा होतो. घटलेली उंची सरकारजमा आहे."

उतरले तिथे एक म्हातारी गवत कापत होती. तिने पहिलं काय विचारलं, तर घरी सांगून आलास का? ही म्हातारी दर सांगण्यात बदलायची. एकदा तर तिने आपल्या नातीचं स्थळही सुचवलं होतं. त्या दिवशी काकी जेवल्या नाहीत.

मी बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना बाबांचे कापड विणायचे लूम डबघाईला आले. कारागीर निघून गेले. कॉलेज सोडून लूमवर ये, असं बाबांनी सांगितलं. घरात कॉलेजात पोचलेला मी पहिलाच, पण बाबांपुढे माझं तोंड उघडेना.

काकांना कळलं. ते कारखान्यात आले, बाबांच्या खुर्चीखाली काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा दोर बांधला आणि म्हणाले, "दामू, एकदा ठरलं का ओढ."

बाबा भडकले. बापाने उभे केलेले लूम आहेत, मस्करी नको, म्हणाले.

काका खाली बसले. बालमित्राशी ते गावचंच बोलत.

"त्या इमानात पुढच्या खुर्चीत माझा दोस्त होता. इमान वाचंल म्हनून तो थांबला तो थांबलाच. पन मला म्हनला, तू निघ." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला थांबायचं तर थांब, दामू. पोराला निघ तरी म्हन."

त्या दोस्ताबद्दल आम्ही कुणीच कधी ऐकलं नव्हतं. काकींनीही नाही, हे मला काका गेल्यावर समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लूमवर गेलो. बाबा एकटेच तुटलेला धागा जोडत होते. मान वर न करता म्हणाले, "इथं काय करतोस? निघ, लेक्चर बुडंल."