अनोळखी मान

अ‍ॅक्युपंक्चरच्या दवाखान्यातल्या सुईवाल्या बाईंना माणसं चेहऱ्यापेक्षा मानेवरून जास्त ओळखू येत. पेशंट पालथा, तोंड पलंगाच्या भोकात. समोर उरते ती मान. "काय मास्तर, पुन्हा वह्यांचा गठ्ठा आला वाटतं?" असं त्या मान बघूनच विचारायच्या आणि मास्तर खालच्या खाली हसायचे.

कवटी संपते तिथे, दोन्ही बाजूंना स्नायूंच्या मधे एकेक खळगा असतो. मान आखडलेले, डोकं धरून येणारे, चक्कर येते म्हणणारे, सगळ्यांचा तो खळगा बाई आधी अंगठ्याने दाबत. "दुखतं का?" विचारत. मग सुई, नाकाच्या शेंड्याच्या रोखाने, बेताची. बावीस वर्षं हेच.

घरी सून होती. दिवसभर शिवणाच्या कारखान्यात मान मोडून काम करायची आणि संध्याकाळी ओट्याशी उभी राहून कपाळ दाबायची.

"भांडी पडली की हिचं डोकं बरोबर उठतं," बाई मुलाला सांगायच्या, तिला ऐकू जाईल इतक्या हळू. "खरं दुखणं कुठलं, खोटं कुठलं, मला नको शिकवायला."

सून नळ मोठा सोडायची.

त्या दुपारी मदतनीस मावशींनी अकरा नंबरच्या पेशंटला पालथं झोपवलं. केस टोपीत, अंगावर चादर. बाईंनी अंगठे टेकवले. सुपारीसारख्या गाठी.

"अगं बाई! किती दिवस अंगावर काढलंत हे? घरात बघणारं कोणी आहे की नाही?"

"आहेत ना," खालून आवाज आला. "सासूबाई."

बाईंचे अंगठे होते तिथेच राहिले. चार वर्षं रोज ओट्याशी पाठमोरी दिसणारी मान त्यांना ओळखू आली नव्हती.

"इथे कशाला आलीस? घरी सांगायचंस."

"घरी नंबर लागेना, आई. म्हणून इथे लावला."

पडद्यापलीकडे मावशी खोकल्या. आता हे बाहेरच्या बाकापर्यंत जाणार, बाईंना आधी तेच सुचलं. आणि आधी तेच सुचलं म्हणून त्यांची कानशिलं तापली.

त्यांनी सुई उचलली. मानेपर्यंत नेली. सुई परत ट्रेमधे गेली.

"आज सुई नको. नुसतं दाबते."

"सगळ्यांना विचारता ते मला नाही विचारलंत."

बाईंनी अंगठे पुन्हा खळग्यांत टेकवले. "दुखतं का?"

"हो. खूप."

तिचं तोंड भोकात होतं ते बरं, असं बाईंना वाटलं. तिने वर पाहिलं असतं तर आपण कुठे बघायचं, हे त्यांना ठरवता आलं नसतं.