मायला कोण उचलणार?

शहरात काही गडबड झाली, की आमच्या शेजारच्या काकू घरोघर फिरायच्या. दारातूनच विचारायच्या, "पाणी भरलं का? पीठ हाय ना? कंदिलात रॉकेल?" आपण उत्तर देण्याआधीच "व्हय, व्हय" म्हणत स्वतः आत येऊन बघायच्या.

त्या दिवशी चौकात दगडफेक झाली होती. जमाव गल्लीकडं येतोय, अशी आवई उठली. काकू आमच्या माडीवर आल्या. त्यांनी हंडे पाहिले, जिन्याच्या दाराची कडी लावून पाहिली. मग खाटेवर पडून असलेल्या माझ्या आईकडं बघून आवाज खाली केला.

"पळायची पाळी आली, तर मायला कोण उचलणार, भाऊ?"

"मी."

"उचलून दाखवा."

मी आईला उचललं. जिन्याच्या वळणावरच माझे पाय लटपटले. आईनं भीतीनं माझी मान आवळली. काकूंनी आम्हाला सावरून परत वर आणलं.

"तुम्ही लेकरं घेऊन निघा. मायपाशी मी थांबते," त्या म्हणाल्या. मग त्या आईच्या खाटेपाशीच बसून राहिल्या.

जमाव आलाच नाही. संध्याकाळी काकू जायला उठल्या, पण आई त्यांचा पदर सोडेना.