झेलीची मेणबत्ती

लोत नदीकाठच्या ला कोंबेल द्राक्षमळ्यात कुणीही वाइनच्या हौदात उतरण्याआधी झेली दोरीला मेणबत्ती बांधून आत सोडते. वाइन काढून घेतली की तळाशी द्राक्षांचा चोथा उरतो आणि त्यावर जीवघेणी हवा साचते. मेणबत्ती विझली तर उतरायचं नाही. फार वर्षांपूर्वी चौथ्या हौदात तिचा दीर उतरला, आणि त्याला काढायला मागोमाग तिचा नवरा. दोघांना एकाच गाडीतून चर्चमध्ये नेलं. तेव्हापासूनची ही मेणबत्ती. आम्ही मजूर तिची टर उडवायचो, "काय गं झेली, आज कुठल्या संताची पूजा?" ती हसायचीही नाही.

त्या वर्षी द्राक्षतोडणीत आभाळ भरून आलं होतं. द्राक्षांच्या गाड्या अंगणात खोळंबलेल्या, आणि रिकामा हौद एकही नाही. चौथ्यातला चोथा काढायचा होता. झेलीने मेणबत्ती सोडली. विझली.

"वाऱ्याने विझली," मालक एत्येन म्हणाला.

"आत कुठला आलाय वारा? थांबा मालक, जरा हवा खेळू द्या."

"द्राक्षं सडल्यावर उतरू का?"

आमचा मालक मुळातच उतावळा. फावडं घेऊन शिडीने उतरलाच. दोनदा फावड्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

झेलीचा मुलगा रेमी आमच्यातच कामाला होता. तो शिडीकडे धावला. झेलीने शिडीच वर ओढली, आडवी टाकली आणि तिच्यावर बसली. एवढं बळ कुठून आलं कोण जाणे.

"आई, ऊठ. मरेल तो."

"खालचं दार उघडा," ती आम्हाला म्हणाली. आवाज चढलासुद्धा नव्हता. मला तिचा संताप आला. अजूनही थोडा येतो.

हौदाच्या तळाशी चोथा बाहेर काढायला ठेवलेलं ते दार आतल्या चोथ्याने घट्ट दाबलेलं. घणाने अडसर तोडला, तसा चोथा आमच्या पायांवर कोसळला. रेमीने श्वास रोखून आत हात घातला. मालकाचा बूट हाती लागला. अंगणात आणल्यावर बऱ्याच वेळाने मालक खोकला, तेव्हा मला रडू फुटलं.

संध्याकाळी सगळे सूप प्यायला बसलो. रेमीने आईकडे न बघता विचारलं, "दार उघडलं नसतं तर? मरू दिलं असतंस त्याला?"

"हो."

"बाबा तर उतरले होते."

"उतरला होता ना," झेली पाव मोडत म्हणाली. "तू तेव्हा रांगत होतास."