अजून न निघालेला सिनेमा

आमच्या सिंदी मेघे गावात एका गृहस्थांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. आधी तिथं सीडी मिळायच्या, आणि त्याच्याही आधी ते समुद्रपूरकडे टुरिंग टॉकीजचं मशीन चालवायचे. कुठलाही जुना सिनेमा मागा, चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, "अजून निघाला नाई, भाऊ." जणू आपण एसटीचीच चौकशी केली.

लग्नाच्या वर्षी समुद्रपूरच्या तंबूत पाहिलेला एक सिनेमा माझ्या आईला पुन्हा पाहायचा होता. तो कॅसेटवर आला नाही, सीडीवर नाही, मोबाईलवरही नाही. तोवर आईची दृष्टीच गेली. हे कळल्यावर एका दुपारी दुकान बंद करून ते घरी आले. "बसा काकू, मी सांगतो पिच्चर."

पडद्यावरच्या नावांच्या पाटीपासून सांगायला लागले. रीळ संपलं की थांबायचे, हवेतच दुसरं चढवायचे. नायिका विहिरीवर निघाली आणि एकदम मांडवात उभी राहिली.

"मधातलं रीळ तुटलं होतं," ते ओशाळून म्हणाले. "मले बी माहीत नाई."

आई खुदकन हसली. "तिथंच तर लोक शिट्ट्या मारून राह्यलते!"

आता त्या सिनेमाचं नाव निघालं की आई ऐटीत सांगते, "दोनदा पाह्यला मी."